शून्य कुठे धरायचं

रात्री साडेनऊच्या सुमाराला कोसाडची हवा जरा सैल होते. दिवसभर तापलेल्या गच्च्यांवरून ऊन उतरून गेलेलं असतं, अमरोलीकडून येणाऱ्या रिक्षांचा गलका विरळ झालेला असतो, खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी शेवभाजीला फोडणी बसते (आमच्या माणसांनी खानदेशातून येताना दुसरं काही आणलं असो-नसो, काळा मसाला तेवढा आणला), आणि मग रुळांवरून एखादी मालगाडी इतकी लांबलचक जाते, की तिच्यामागे उरलेली शांतता हा तिचाच शेवटचा डबा वाटावा. नेमका तेव्हा फोन थरथरतो.

एक फोटो. ब्रेडबोर्ड, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तीन-चार वायरी, एक एलईडी. खाली ओळ : "ताई, लागत नाहीये."

कुणी ताई म्हणतं, कुणी मॅडम, इथलं सुरतेतलं कुणी बेन. बहुतेकांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. मी त्यांना ओळखते ती हातांवरून. सोल्डरिंगचा चटका बसलेला अंगठा, उतरत चाललेली मेंदी, नखात अडकलेली शेतातली माती. आणि हातांखालच्या चादरींवरून : फुलाफुलांच्या, चौकटीच्या, धुऊन धुऊन रंग विसरलेल्या. एका मुलाने तर ब्रेडबोर्ड हलू नये म्हणून पोळपाटावर ठेवला होता. त्याच्या सर्किटपेक्षा त्या पोळपाटाकडेच मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

आजच्या फोटोत रेझिस्टरवर लाल, लाल आणि पिवळा पट्टा होता. हवा होता लाल, लाल, तपकिरी. पहिला दोन लाख वीस हजार ओहमचा, दुसरा फक्त दोनशे वीसचा. एका रंगाने हजारपट वाट अडवलेली. लिहिता लिहिता मी थांबले. त्याला म्हटलं, "आधी खोलीतला दिवा बंद कर. डोळे जरा अंधाराला सरावू दे. मग बघ." बराच वेळ काही आलं नाही. त्या वेळात मी इथे कोसाडला आणि तो तिकडे शिरपूरला, दोघंही आपापल्या अंधारात बसून होतो.

"ताई, लागलाय. अगदी बारीक."

तो आधीपासूनच लागलेला होता.

हे शिकवणं म्हणायला मला संकोच वाटतो. पदविकेला असताना मला जे कुणी सांगितलं नाही, ते मी आता सांगते, इतकंच. सायलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर मी शिकले ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमधून. दहा-दहा मिनिटांचे मराठी पाठ. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ, अर्ध्यात आपलं सॉफ्टवेअर, आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवत जायचं. मराठी अधूनमधून पुस्तकी, जरा इस्त्री केलेलं, पण आवाज कधी वैतागत नाही. कितीही वेळा मागे न्या, तो तितक्याच संथपणे पुन्हा सांगतो. तो न वैतागणारा आवाज मी आयुष्यात उशिरा ऐकला.

त्याच आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम मुलं वापरतात. त्यात सर्किट नुसतं रेखाटायचं, विस्तव न लावता स्वयंपाक करून बघावा तसं. आतलं गणित एनजीस्पाइस करतं. परवा तळोद्याच्या मुलीने सुंदर रेखाटन पाठवलं. एकही रेघ तिरकी नाही. तरी एनजीस्पाइस हटून बसलेलं : सिंग्युलर मॅट्रिक्स. सगळं होतं, ग्राउंड नव्हतं. कुठल्याही एका बिंदूला तिने शून्य म्हटलंच नव्हतं, आणि शून्य ठरल्याखेरीज बाकी कुणाचीच किंमत निघत नाही. व्होल्टेज एकट्या बिंदूला नसतंच. ते दोघांत असतं.

तिला हे पटेना. "पण बॅटरी तर नऊचीच आहे ना, ताई?" मी विचारलं, रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी पाहिलीस? नावाखाली बारीक अक्षरांत काय लिहितात? ती म्हणाली, समुद्रसपाटीपासूनची उंची. मग समुद्र तिथे असतो का? नसतो. तरी मोजायचं तिथूनच.

तिचं समाधान झालं. माझं व्हायला वेळ लागला. फोन ठेवला तरी ती पाटी डोळ्यांपुढून हलेना. कारण आमच्या घरातही सगळं कुठूनतरी मोजलेलंच असायचं. बाबा सुरतेला आले ते लूमच्या खात्यात, आणि चाळीस वर्षं त्यांनी पाऊस मोजला तो तिकडच्या शेतावरून, भाव मोजले तिकडच्या बाजारावरून, आणि नदी मात्र तीच होती. मुलताईला उगवलेली, भुसावळ, प्रकाशा, उकाई करत ७२४ किलोमीटर चालत बाबांच्याच वाटेने इथवर आलेली तापी, जिच्याकडे अमरोलीच्या पुलावरून पाहताना ते म्हणायचे, हे आपल्याकडचंच पाणी. मी इथे जन्मले. माझं शून्य कुठलं, हे मला कधी नीट सांगता आलं नाही. गच्चीवरून दिसायचा तो उत्राणच्या वीजघराचा ८५ मीटरचा कूलिंग टॉवर, आणि वाट चुकले की मी त्याच्यावरून दिशा धरायची. २०२३च्या मार्चमध्ये सुरुंग लावून तो पाडला. काही क्षणांत खाली बसला, धूळ उठली, लोकांनी फोनवर टिपलं. नंतर कितीतरी दिवस मान त्या बाजूला वळे आणि रिकामी परत येई.

कधी प्रश्न असतात साधे. सायलॅबमध्ये नुसतं पाय लिहून चालत नाही, पुढे टक्क्याची खूण लागते. ९० अंशांचा साइन एक यायला हवा तिथे ०.८९४ येतो, कारण यंत्राला अंश कळत नाहीत, रेडियन कळतात. पण एकाने विचारलं, पायचा साइन शून्य ना? मग हे १.२२५ आणि पुढे उणे सोळावा घात कुठून आलं? मी चुकलो का?

नाही रे. पायचे अंक संपत नाहीत आणि यंत्राच्या ओंजळीत सोळाच्या आसपासच मावतात. जे सांडलं, त्याची ही ओल.

बाबांनी खातं सोडलं तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी शांत झोपतील. पण संचे बंद होऊन वर्षं लोटली तरी त्यांच्या कानात ते चालूच होते. रात्री उठून बसायचे, विचारायचे, कुठे चाललंय गं? कुठेच नाही, बाबा. ते मान हलवायचे, माझ्यावर विश्वास ठेवल्यासारखी.

आज नंदुरबारच्या मुलीची चित्रफीत आली. ५५५ची चिप, १९७१ साली हान्स कामेनझिंडने आखलेली आणि अजून पोरांच्या पहिल्या दिव्यापाशी हमखास भेटणारी. दहा हजार आणि अडुसष्ट हजार ओहम, दहा मायक्रोफॅरड. गणिताने दिव्याच्या एका उघडझापीला एक सेकंद. मोजलं तर सव्वा, कारण स्वस्त कपॅसिटर आपलं नाव काटेकोर पाळत नाहीत. या मांडणीत एक गंमत असते. दिवा आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये जोडला, तर दर फेरीला उजेड अंधारापेक्षा किंचित जास्त टिकतो. प्लसच्या बाजूने जोडला, तर अंधार.

तिने प्लसच्या बाजूने जोडला होता.

सांगायला मी टाइप करू लागले. तेवढ्यात चित्रफितीत मागून तिच्या आईचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारत : "आठे ये, देख!" छोटी पावलं धावत आली. कॅमेरा हलला, पुन्हा स्थिर झाला. दिवा लागत होता, विझत होता.

लिहिलेलं पुसून मी "छान" एवढंच पाठवलं. खालून मालगाडी जात होती. ती संपेपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं.