आजीचा अर्ज

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. त्यामुळे वस्तीत कुणाचाही कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडेच येतो. रेशनकार्ड, पीकविमा, विजेचे बिल, लहान मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज! "पोरगी बी. ए.ला हाय," एवढे म्हटले की लोक निश्चिंत होतात, आणि खरे सांगायचे तर माझी मानही थोडी ताठ होते. ती मान आजीने कशी हलकेच खाली आणली, त्याची ही हकीकत.

आमच्या विहारातल्या अकरा बायकांनी दोन वर्षे महिन्याला ५०० रुपये गटात टाकले, घरच्या मुलांनी वरची भर घातली, आणि श्रीलंकेला जायचे ठरले. १९५० साली बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, हे आजीने जयंतीच्या भाषणांत कितीदा तरी ऐकलेले. संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचे झाड अनुराधपुरात आजही उभे आहे, हेही तिला ठाऊक. "त्ये झाड येकदा बगायचं हाय," एवढाच तिचा ध्यास. आजी शाळेत गेलेली नाही. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा सारी गल्ली दारात जमली होती!

पासपोर्ट आले, पण पुढे व्हिसा होता. यात्रा नेणारे गृहस्थ म्हणाले, "ऑनलाइन असतो, आपापला काढा. मी काढून दिला तर वेगळे पैसे पडतील." झाले! जानेवारीत एका संध्याकाळी अकराही पासपोर्ट माझ्यासमोर येऊन पडले.

व्हिसा म्हटले की वकिलात, रांगा, मुलाखत असे काहीसे माझ्या डोळ्यांपुढे होते. पण श्रीलंकेने २०१२पासूनच ही सोय संगणकावर आणली आहे. तिचे नाव ई. टी. ए., म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी. लोक मात्र तिला व्हिसाच म्हणतात. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. तेव्हा रकाने भरायचे, कार्डाने डॉलरमध्ये फी भरायची, की परवानगी ई-मेलने यायची. तिच्या आधारे विमानतळावर तीस दिवसांचा शिक्का मिळायचा. मोबाईलवर शोधले तर सरकारी वाटाव्यात अशा, पण जास्त पैसे मागणाऱ्या जागाच आधी दिसल्या. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट एलके' असलेली खरी जागा मी बरोबर ओळखली, तेव्हा मला स्वतःचाच केवढा अभिमान वाटला! परदेशी चालणारे कार्ड एका मैत्रिणीच्या भावाचे मिळाले.

पहिला अर्ज अर्थात आजीचा. ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, आणि मी दारात बसून भराभर रकाने भरत होते. जन्मतारीख पासपोर्टवर होती, १ जानेवारी १९५८. अकरा जणींत सहा जणींचा जन्म १ जानेवारीचाच! ज्यांची तारीख कुणी लिहून ठेवली नाही, त्यांना कागदाने ती देऊन टाकलेली. आजीचे वय तिच्या हिशेबाने वेगळेच मोजले जाते. "भात्तरच्या दुष्काळात म्या लुगडं नेसाया लागले व्हते," असे ती सांगते. पण दुष्काळासाठी अर्जात रकाना नसतो. येण्याचे कारण, पर्यटन. व्यवसाय, गृहिणी. तिला एक शब्द न विचारता पंधरा मिनिटांत मी अर्ज संपवला आणि फीही भरली.

दुसऱ्या दिवशी ई-मेल आला. "आजे, आला गं व्हिसा!" मी ओरडले. ती हात पुसत आली. "वाच बरं समदं," म्हणाली. मी मोठ्या ऐटीत वाचू लागले. नाव, देश, मग पासपोर्टचा नंबर. एक अक्षर आणि पुढे सात आकडे.

"थांब माय," आजी म्हणाली. "पाचाच्या पुडं तीन हाय. आठ न्हाई."

मला हसूच आले. पण पासपोर्ट उघडला आणि हसू मावळले. तिथे खरोखरच तीन होता. घाईत मी आठ टाकला होता. परवानगी पासपोर्टच्या नंबराशी बांधलेली असते. नंबर चुकला की ती त्या माणसाची राहत नाही. आजी विमानतळापर्यंत गेली असती, आणि तिथूनच परत फिरली असती! माझे हातपाय गार पडले.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारले.

"पाठ केला की. परक्या मुलखात हारवला तर पोलिसाला काय सांगू? मला थोडंच वाचता येतं?" माझ्या धाकट्या भावाकडून रोज रात्री म्हणवून घेऊन तिने तो नंबर गाथेसारखा पाठ केला होता.

अर्ज नव्याने भरायचा, फी पुन्हा द्यायची, आधीची परत मिळत नाही. या वेळी आजी माझ्या शेजारी बसली. मी प्रत्येक रकाना मोठ्याने वाचला.

"व्यवसाय. इथं मी गृहिणी लिहिलं होतं."

"म्हंजी?"

"घरी असणारी."

आजी माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली. "घरी? म्या कवा घरी व्हते गं? भात्तरला खडी फोडली, मंग जलमभर लोकायच्या रानात खुरपलं, कापूस येचला. घरी कोन बसू देत व्हतं?"

मी काही बोलू शकले नाही. ज्या खुरप्याच्या मजुरीतून माझी वह्या-पुस्तके आली, ते खुरपे मला एका शब्दात दिसेनासे झाले होते. मी तो शब्द पुसला आणि 'शेतमजूर' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला. येण्याच्या कारणापाशी मात्र तिला हवे तसे काही सापडेना. "फिरायला" असे मी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यायला समदंच कशाला सांगायचं?"

उरलेल्या दहा अर्जांसाठी मी एकेकीला शेजारी बसवून घेतले, विचारत विचारत लिहिले. तीन संध्याकाळी लागल्या.

फेब्रुवारीत आजी चेन्नईहून विमानात बसली, ते झाड डोळे भरून पाहून आली. परत आल्यावर पासपोर्टवरचा शिक्का तिने माझ्यापुढे धरला. वाया गेलेली फी मी माझ्या शिष्यवृत्तीतून देऊ केली, तेव्हा तिने नोटा परत माझ्या मुठीत कोंबल्या.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "कालेजात भरतीस ना, तशीच ती बी तुपली फी व्हती."