करी रोड ते जांबोरी मैदान

करी रोड स्टेशनचा पूल उतरून ना. म. जोशी मार्गाला लागलं की मान आपोआप वर जाते. समोर वर्ल्ड वन उभा असतो, 280 मीटर उंच. त्याच्या पायाखालची जमीन श्रीनिवास मिलची. जुनी माणसं या रस्त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. इथून वरळीच्या जांबोरी मैदानापर्यंत चालत जायचं, असं ठरवून मी निघालो होतो. गिरणगाव बघायचं तर पायीच बघावं. उड्डाणपुलावरून गाडीने गेलं की फक्त टॉवर दिसतात.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला चाती फिरू लागली. पुढे लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. गावच्या मंडळाच्या एकेका खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे. दिवसपाळीचा उठला की त्याच पथारीवर रात्रपाळीचा आडवा व्हायचा. दोन वेळचं जेवण खानावळवाल्या मावशीकडे. गिरणीचा भोंगा खोलीत ऐकू यायचा, इतकं काम आणि घर जवळ. ते जगणं सोपं होतं असं कुणी म्हणू नये. पण हे शहर त्यांच्या चालण्याच्या अंतरात होतं, आणि आज मुंबईत सर्वांत महाग झालंय ते हेच अंतर.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरणगाव संपामुळे संपलं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. संपाने कामगाराची नोकरी गेली. त्याच्या वाट्याची जमीन गेली ती कागदावर, विकास नियंत्रण नियमावलीच्या 58 व्या नियमात.

1991 मध्ये हा नियम आला तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मुंबईत गिरण्यांची जमीन होती सुमारे 600 एकर. म्हणजे या दाटीच्या शहराला 200 एकर मोकळं आणि 200 एकर परवडणाऱ्या घरांचं मिळायचं होतं. सगळ्या गिरण्यांचा एकत्र आराखडा व्हावा म्हणून 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांची समितीही नेमली गेली. पण 2001 मध्ये नियम बदलला: वाटणी होणार ती फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची. आता गिरणीच्या आवारात रिकामं असतं तरी किती? खातीच्या खाती शेजारी शेजारी उभी. ती पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीत धरायचीच नाही. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा बदल मान्य केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो ग्राह्य धरला. शेकडो एकरांचा सार्वजनिक वाटा थोडक्या तुकड्यांवर आला. त्यासाठी बुलडोझर लागला नाही, की कुणाला घराबाहेर ओढावं लागलं नाही.

लोअर परळचा पूल ओलांडून सेनापती बापट मार्गाला आलो. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात अजून उभी आहे. तिच्यातून धूर येत नाही, तिच्याखाली लोक फोटो काढतात. आसपासच्या जुन्या कंपाउंडांत काही शेड उरल्या आहेत. विणकामाच्या शेडचं छप्पर करवतीसारखं दातेरी असायचं आणि काचा उत्तरेकडे. ऊन थेट आत येऊ नये, पण साच्यावरचा तुटका धागा दिसेल असा सारखा उजेड दिवसभर मिळावा, म्हणून. काय नेमका विचार होता तो! आज त्याच आवारांत ऑफिसं आणि रेस्टॉरंट आहेत. नवे टॉवर मात्र रस्त्याशी बोलतच नाहीत. खालचे कित्येक मजले नुसते गाड्यांचे, त्यांच्यावर पोडियम, त्यावर बाग आणि तरणतलाव, आणि तिथून पुढे माणसं. फुटपाथवरून चालणाऱ्याच्या वाट्याला भिंत, गेट आणि सिक्युरिटीचा प्रश्न. चाळीची गॅलरी रस्त्यावर उघडायची; हे स्थापत्य रस्त्याकडे पाठ करून उभं आहे.

एवढी ऑफिसं आली, पण रस्ते आणि जिने गिरणीच्या काळचेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत 14 जण. दोन्ही ठिकाणं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात आहेत.

पांडुरंग बुधकर मार्गावर मुंबई टेक्स्टाइल मिल होती. सरकारी मालकीची, 17 एकरांच्या वर. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ती 2005 मध्ये 702 कोटींना विकली. घेणाऱ्याने सात वर्षांनी तीच जमीन सुमारे 2,700 कोटींना पुढे विकली. आज तिथे आलिशान निवासी टॉवर आहेत. मधल्या काळात त्या जमिनीवर ना सूत निघालं, ना कापड.

तिथून जांबोरी मैदानाभोवतीच्या बीडीडी चाळी जवळच. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या काँक्रीटच्या चाळी, एकट्या वरळीत 121 होत्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाड भिंती आणि मधोमध लांबलचक बोळ, त्यात दिवसाही दिवा लागतो. एका काकांनी आत बोलावलं. साताऱ्याकडचे, पूर्वी साचेखात्यात. खोली 160 चौरस फुटांची. दाराशी मोरी, तिच्यावर पाण्याचं पिंप, पोटमाळ्यावर तीन पिढ्यांच्या गाद्या. संडास बोळाच्या टोकाला. मी जुन्या चाळीची तारीफ करू लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. “बघायला बरं वाटतं हो तुम्हाला. सुनेला रात्री तिथवर जायचं म्हणजे काय, ते तिला विचारा.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. इथे म्हाडा पुनर्विकास करते आहे आणि 14 ऑगस्ट 2025 ला वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. 500 चौरस फूट, संडास घरात, आणि पत्ता वरळीच. जिथे राहतात तिथेच माणसांना घर देता येतं, फक्त सरकारने जमीन हातची सोडायची नसते. काकांना आता दोनच चिंता: लिफ्ट आणि मेंटेनन्स. “पोरगा मॉलमध्ये कामाला. पुढे बिल किती येईल, आत्ताच लिहून द्या म्हणावं.”

त्यांच्या मेव्हण्याची गिरणी गेली तशी खोलीही गेली. घरासाठी अर्ज केलेल्या लाखाहून अधिक गिरणी कामगार आणि वारसांत त्याचाही अर्ज आहे. त्याला आता शेलू-वांगणीचं सांगतात, कर्जतच्या वाटेवर. काकांनी पिशवीतून त्या अर्जाची झेरॉक्स काढून दाखवली. गिरणीचं नाव, तिकीट नंबर, खातं, सगळं होतं. “जमीन हितं, अर्ज हितला, मग घर तिकडं कसं?” त्यांनी विचारलं. याचं उत्तर मंत्रालयाने द्यायचं आहे, आणि अर्ज करणाऱ्यांतले कित्येक पंच्याहत्तरीच्या पुढे गेले आहेत.