सड्यावरचा हत्ती

मुळशीत वाढलेल्या माणसाला डोंगरात काही शोधायचं म्हणजे मान वर करायची, एवढंच ठाऊक. घनगड, कोराईगड, तैलबैलाच्या भिंती. लेणं असो की टाकं, ते वर कुठंतरी कड्यातच असणार. ताम्हिणी उतरून कातळशिल्पं बघायला रत्नागिरीकडे निघालो, तेव्हा दोर, जाड तळाचे बूट, पाणी असा सगळा सरंजाम सोबत होता. त्यातलं पाणी तेवढं कामाला आलं.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा सडा म्हणजे सपाट, काळपट जांभा. चढ नाही, सावली नाही. वाट दाखवायला आलेले काका एका जागी थांबले. "हा हत्ती."

भर दुपार. मला दिसले ते एकमेकांत घुसलेले चर, धूळ आणि वाळक्या गवताने भरलेले.

"कुठाय?"

"अहो, समोरच. सोंडेपासून धरा. आणि कडेकडेनं चाला, पोटातनं नको."

सोंडच सापडेना! हा हत्ती 18 बाय 13 मीटरचा, शिवाय अंगभर पाण्यातले नि जमिनीवरचे इतर प्राणी कोरलेले. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावणार कसा? काका शांतपणे तंबाखू मळत बसले. उन्हं कलली तशी प्रत्येक चराच्या एका काठाला सावली धरली. आधी पाठ उमटली, मग सोंड.

देवाचे गोठण्याला भार्गवरामाच्या देवळावरच्या सड्यावर माणसाची एक आकृती आहे. तिथं होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. कोरणाऱ्याला हे माहीत होतं, असं छातीठोक सांगणारे भेटतात. ज्याच्याकडे सुईच नव्हती त्याला ते कळलं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. मला जास्त चक्रावलं ते गेंड्यानं. आज कोकणात गेंडा औषधालाही नाही, पण सड्यांवर तो कोरलेला आहे.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं सडे तुडवत फिरले, म्हणून हे आपल्याला कळलं. 2022 साली यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. पण कितीतरी सडे खाजगी मालकीचे आहेत, आणि जांभ्याचे चिरे आजही विकले जातात.

जायचं तर पावसाळा सरून गवत वाळल्यावर जा, सकाळी किंवा उन्हं उतरताना. गावातलं माणूस सोबत घ्या, त्याला त्याचे पैसे द्या. आणि फोटो उठून दिसावा म्हणून चरांत खडू भरू नका.