काजळीचा हिशेब

डिसेंबरात पहाटे पुण्यातील आमच्या गच्चीवर नमुनायंत्राचा फिल्टर बदलावयास गेलो, की खाली रखवालदाराची शेकोटी विझत आलेली असते, झाडलोटीचा पाला कुठेतरी धुमसत असतो, आणि आदल्या दिवशी मी स्वतः बसविलेली शुभ्र चकती करडी, किंचित तपकिरी होऊन हाती येते. मिनिटाला १६.७ लिटर या हिशेबाने अहोरात्रात तिच्यातून २४ घनमीटर हवा गेलेली असते आणि अडीच मायक्रॉनांहून सूक्ष्म असे कण तिने धरून ठेवलेले असतात. डिझेलच्या धुराने चकती काळवंडते, लाकूड-पाला जळाला की तपकिरीकडे झुकते, एवढे डोळ्यांना कळते; त्यात कार्बन किती आणि कोणत्या जातीचा, हे मात्र डोळ्यांच्या अखत्यारीतले नव्हे.

क्वार्ट्‌झ तंतूंची ही चकती भोवतालची सेंद्रिय बाष्पे सहज शोषून घेते. म्हणून वापरण्यापूर्वी ती भट्टीत सुमारे ५५० अंशांवर कित्येक तास भाजावी लागते, आणि गच्चीवर नेऊन, यंत्रात बसवून, पंप न चालविता परत आणलेल्या काही कोऱ्या चकत्याही तपासाव्या लागतात. एका हिवाळ्यात या कोऱ्या चकत्यांतच अवाच्या सवा कार्बन निघाला. शोध घेता ध्यानात आले, की चिमटा स्पिरिटने पुसल्यावर तो पुरता वाळण्याआधीच मी वापरीत होतो. त्या महिन्याची सारी निरीक्षणे मी बाद केली. त्याची हळहळ मला आजही वाटते, कारण ती हवा पुन्हा येणार नव्हती.

चकतीचा लहानसा तुकडा कापून प्रथम तो ऑक्सिजनचा लवलेशही नसलेल्या हेलियम वायूत पायरीपायरीने ५८० अंशांपर्यंत तापवितात. सेंद्रिय कार्बन निघून जातो. मग हेलियमात दोन टक्के ऑक्सिजन सोडून ८४० अंशांपर्यंत नेले, की मागे उरलेली अस्सल काजळी, म्हणजेच मूलरूप कार्बन, जळून जाते. परंतु व्यवहार इतका सरळ नाही. पाक आचेवर राहिला की करपतो, तसे हेलियमात काही सेंद्रिय द्रव्य उडून न जाता जागीच कोळसा होऊन बसते, आणि तुकडा होता त्याहून काळा पडतो. या नव्या काळ्याची जुन्या काळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तुकड्यावर लेसरचा तांबडा किरण सतत रोखलेला असतो. ऑक्सिजन आला, कोळसा जळू लागला, पृष्ठभाग उजळत गेला, आणि परावर्तित प्रकाश आरंभीच्या अंकावर आला, की त्या क्षणी रेघ मारावयाची: अलीकडचे सेंद्रिय, पलीकडचे मूलरूप.

ही रेघ निसर्गाने मारलेली नाही, आपण मारतो, हे समजावयास मला फार वर्षे लागली. काजळी पृष्ठावर बसते, तर करपलेले द्रव्य चकतीच्या पोटातही असते. त्यामुळे परावर्तित प्रकाशाऐवजी आरपार जाणाऱ्या प्रकाशावर भिस्त ठेवली तर रेघ पुढे सरकते आणि काजळीचा आकडा घटतो. हेलियमातच अधिक उष्णता देणाऱ्या पद्धतीने मोजल्यास त्याच चकतीवरील काजळी निम्म्याहूनही कमी भरू शकते. दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. पण पद्धतीचे नाव न सांगता नुसता आकडा दप्तरी दाखल करणे, हा मी या कामातील मोठा अपराध मानतो. काजळी सूर्याचे तेज शोषून हवा तापविते, सेंद्रिय कण बहुतांशी ते विखुरतात. या तफावतीवर पुढे केवढाली अनुमाने उभी राहतात!

रोज कामाला आरंभ करण्यापूर्वी मी कोऱ्या तुकड्यावर साखरेच्या पाण्याचा मोजका थेंब सोडतो. साखरेच्या वजनात ४२ टक्के कार्बन असतो. यंत्राने तेवढाच दाखविला, तरच गच्चीवरचा नमुना आत जातो. सारे जळून बाहेर आलेला तुकडा पुन्हा पांढरा झालेला असतो, क्वचित त्यावर फिकट तांबूस झाक राहते. ती धुळीतील लोहाची असते. तारखेपुढे पद्धतीचे नाव लिहितो, त्याखाली ही झाकही नोंदवितो, आणि पुढचा तुकडा चिमट्यात धरतो.