आजीसाठी समुद्र

आमच्या आजीने कधी समुद्र पाहिलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामाने मला नाशिकला द्वारकेला बोलावले, तेव्हा ती म्हणाली, "द्वारकेला चाललीस? मग समिंदर बघून ये, अन् मला कागदावर काढून आण." तिला वाटले श्रीकृष्णाची द्वारका. ती गुजरातमध्ये समुद्रकाठी आहे. आपल्या नाशिकच्या द्वारकेला मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता मिळतात, वरून उड्डाणपूल जातो, आणि गाड्यांचा आवाज इतका की मामाने मारलेली हाक मला ऐकूच आली नाही.

पण माझे नशीब जोरावर होते. मामाला टेंपोत कांदे घेऊन डहाणूला जायचे होते. मामी म्हणाली, "हिलाही न्या." मी वही आणि तेलखडूची पेटी घेतली. निळा खडू अगदी नवा होता.

पहाटे निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार अशी गावे लागली. घाटात मला मळमळते, म्हणून ते फारसे आठवत नाही. जव्हारच्या पुढे चहाला थांबलो. तिथे एका घराच्या कुडाच्या भिंतीला गेरू लावला होता, आणि एक काकू बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची चित्रे काढत होत्या. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, एक उलटा, एक सुलटा, वर गोल डोके. मधोमध तारपा वाजवणारा आणि भोवती हात धरून नाचणारे सगळे. गुरुजींनी नंतर सांगितले की ही वारली चित्रकला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना तिच्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली होती.

मी विचारले, "काकू, हे कशात बघून काढता?"

त्या हसल्या. "कशात बघायचं? काल भात झोडला, तोच काढला." बाजूला खरंच पेंढ्याची गंजी होती.

मला लाज वाटली. मागच्या वर्षी ह्याच भिंतीवर माझे समुद्राचे चित्र लागले होते आणि सगळ्यांनी छान म्हटले होते. ते मी कॅलेंडरवरचे बघून काढले होते. गुरुजींना सांगितले नव्हते, आता सांगते.

डहाणूला कांदे उतरवले. मग मामाने मुद्दाम माझ्यासाठी टेंपो बोर्डीच्या रस्त्याला घातला. उजवीकडे चिकूच्या वाड्या, डावीकडे सुरूची झाडे. मी झाडांतून सारखी बघत होते, पण निळे काही दिसेना. नरपडजवळ उतरलो तर पाणीच नाही! लांबपर्यंत नुसता करडा चिखल आणि वाळू. होड्या कुशीवर कललेल्या. काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास तर विचारू नका. मला रडूच आले. मामा म्हणाला, "अगं, ओहोटी आहे. भरतीला वेळ आहे, आणि मला रात्रीचा घाट नको."

मी वाळूत बसून वही उघडली. कॅलेंडरवरचा समुद्र मला पाठ होता. आजीला काय कळणार होतं? मी निळा खडू हातात घेतला सुद्धा. पण त्या काकूंचा भात आठवला, आणि मी तो परत पेटीत ठेवला. तपकिरी खडूने चिखल काढला. होडी काही केल्या जमेना, चार वेळा पान फाडले. शेवटी तिचाही आडवा त्रिकोण केला, मग जमली. जाळी उचलणारी माणसे काढली. मामाही काढला, पण त्याचे पोट त्रिकोणात मावत नाही. अगदी लांब एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. तेच पाणी.

घरी आल्यावर आजीने चित्र दारात उजेडाला धरले. "आगं, हे तर वैशाखातलं आपलं धरण दिसतंय. पाणी कुठंय?"

मी म्हणाले, "ते आत गेलंय. चंद्रामुळे रोज दोनदा जातं आणि दोनदा परत येतं."

आजीला ते काही खरे वाटले नाही. "गेलेलं पाणी कुठं परत येतं, बाई! बरं, आलं की दुसरं काढ."

ते चित्र तिने देवाशेजारी लावले आहे आणि द्यायला तयार नाही. इथे लावले आहे ते मी पुन्हा काढलेले. यात मामाचे पोट जरा कमी झाले आहे.