टेबलाचा पाय

आमच्या सांगलीत नव्या माणसाला पगार विचारत नाहीत. '२००५ साली तुमच्याकडे पाणी कुठवर होतं?' असे विचारतात. उत्तरावरून माणसाची पत ठरते. 'उंबऱ्यापर्यंत' म्हणणारा किरकोळ. 'माळ्यावर बसून होतो' म्हणणाऱ्याला चहा मिळतो. गावभागातल्या आमच्या घरात मी त्या पाण्याची रेघ भिंतीवर तेलरंगाने काढून ठेवली होती आणि पाहुण्यांना ती देवघराच्या आधी दाखवीत असे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा पुन्हा चढू लागली, तेव्हा मी निर्धास्त होतो. घरातली प्रत्येक वस्तू रेघेच्या वर एक फूट, असा हुकूम मी सोडला आणि आम्ही विश्रामबागेत मेहुण्याकडे गेलो. तो एक फूट म्हणजे माझा खास दूरदर्शीपणा. २००५ साली आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते. या वेळी ते ५७ च्याही पुढे गेले. कृष्णामाईला माझी रेघ कोणी दाखवलीच नव्हती.

पाणी उतरल्यावर घरी आलो. कपाटाच्या वरच्या खणात, रेघेवर बरोबर एक फूट, माझा व्हिडिओ कॅमेरा गाळ पिऊन बसला होता. आता कॅमेऱ्याचे दुःख नव्हते. २००४ साली घेतलेला, छोट्या मिनीडीव्ही कॅसेटचा. मोबाइल आल्यापासून त्याला कोणी विचारतही नव्हते. पण त्याच्या पोटात २००६ सालची कॅसेट होती. आईच्या पंचाहत्तरीची. बाकीच्या कॅसेटींच्या प्रती कधीच करून घेतल्या होत्या. ही आतच राहिल्यामुळे सुटली. 'निवांतपणे करू' असे मी तेरा वर्षे म्हणत होतो. आई मात्र २०११ सालीच गेली. तिला माझ्या निवांतपणाची कल्पना होती.

यंत्र भिजले की शेजारी गोळा होतात. एक म्हणाले, उन्हात ठेवा. दुसऱ्यांनी केस वाळवायचे यंत्र सुचवले. तिसऱ्यांनी बॅटरी लावून 'नुसतं बघा तर चालतोय का' असा आग्रह धरला. आणि सगळ्यांचे एकमत तांदळावर झाले. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, पाणी शोषून घेतो. मी डबा मागायला आत गेलो.

"तांदूळ?" बायको म्हणाली. हातात खराटा, पदर खोचलेला, घोट्यापर्यंत चिखल. "अहो, मदतीचे म्हणून पाच किलो मिळालेत. ते माणसांनी खायचे की तुमच्या कॅमेऱ्यानं?"

मी अपमान गिळला, कॅमेरा चिखलासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि जिन्याखाली ठेवून दिला. रागाच्या भरात गाठही घट्ट मारली.

चार दिवसांनी ती पिशवी घेऊन पुण्याला गेलो. पेठेतल्या एका बोळात जुन्या कॅसेटी दुरुस्त करणारे एक गृहस्थ असल्याचे कळले होते. त्यांनी पिशवी बघितली आणि मी आता बोलणी खाणार, अशा तयारीने उभा राहिलो.

"वाळवलात?"

"नाही हो. तांदूळ मिळाला नाही."

"चालू करून पाहिलात?"

"नाही. बॅटरी सापडली नाही."

"शाबास!" ते म्हणाले. पुण्यातल्या दुकानदाराच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला. "इथं येणारे सगळे शहाणे असतात. वाळवून आणतात. आतला गाळ वाळला की टेपेचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग उलगडताना वरचा थर निघून येतो. ओली आहे तोवर आशा आहे. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर यान कोसळलं, त्यातल्या टेपा सहा आठवडे समुद्राच्या तळाशी होत्या. त्या साफ करून वाचल्या त्यांनी. तुमची तर नुसती कृष्णा आहे."

कृष्णेला 'नुसती' म्हटलेले सांगलीकराला सोसत नाही. पण मी सोसले.

त्यांनी कॅमेरा उघडला तेव्हा मला शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसल्यासारखे वाटत होते. वीज न लावता, चिमट्याने दाते एकेक फिरवून त्यांनी डोक्याच्या चकतीभोवती गुंडाळलेली टेप सोडवली. कॅसेटचे बारीक स्क्रू काढले, दोन्ही रिळे बाहेर घेतली. टेप पाव इंच रुंद, केसाहून कितीतरी पातळ, लांबी साठेक मीटर. ती त्यांनी शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा धुतली, सावलीत वाळू दिली आणि एका नव्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. "ही आता एकदाच चालेल असं धरून चालू," ते म्हणाले. "पंधरवड्यानं फोन करा. रोज करू नका." मी दिवसाआड केला.

साठ मिनिटांतली अडतीस निघाली. मी खुर्ची ओढून पुढे बसलो.

पंचाहत्तरीचा दिग्दर्शक मी होतो. औक्षण मी तीनदा करायला लावले होते, कारण दोनदा ताम्हन चौकटीबाहेर गेले होते. कृष्णेने ते तिन्ही वेळा धुऊन टाकले. पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. मामांचे अर्धे तोंड काकूंच्या साडीवर. आई दिसली तिथे पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखी ताठ, आणि मागून माझा आवाज, "आई, हस ना. अशी नको हसू."

मग एकाएकी चित्र स्वच्छ झाले. दिसत होता टेबलाचा पाय. एक टेबलाचा पाय, शहाबादी फरशी आणि फ्रिजचा कोपरा.

"हा भाग कापून टाकतो," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही जेवायला बसताना कॅमेरा स्टुलावर ठेवलात, बंद करायला विसरलात. अकरा मिनिटं नुसता पाय आहे."

तेवढ्यात फरशीवरून एक पाऊल गेले. सुजलेले, टाचेला भेगा पडलेले. आणि आवाज आला.

"त्याला वाढलं का गं? सकाळपासून ते यंत्र घेऊन नाचतोय. लहानपणी भोवरा घेऊन असाच. हातात वस्तू आली की पोटाची आठवण नाही. पुरणाचा कट जरा जास्त काढून ठेव, त्याला दुसऱ्या दिवशीची आमटी आवडते. माझं होईल सावकाश. मला कुठं गाडी पकडायचीय?"

पुढे हरभऱ्याच्या डाळीचा भाव होता, शेजारच्या मुलीच्या लग्नाचे होते, मधेच एक पातेले पडले. मी काही बोललो नाही. ते गृहस्थही बोलले नाहीत. अकरा मिनिटे आम्ही दोघे टेबलाचा पाय बघत बसलो.

शेवटी आईची चाहूल अगदी जवळ आली. "अगं बाई, याचा लाल दिवा जळतोय की! किती वीज जात असेल!" मग पडदाभर तिचा तळवा, हळदीने पिवळा झालेला, बटण शोधणारा. आणि अंधार.

"कापू ना?" गृहस्थांनी विचारले, पण विचारण्यासारखे नव्हे.

घरी बायकोने ते पाहिले. दोनदा पाहिले. "कट मीच काढून ठेवला होता," एवढेच म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री आमटी होती.

आता त्या अकरा मिनिटांच्या तीन प्रती आहेत, तीन गावांत. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले, तेव्हा मी रेघ न बघता आधी आमची प्रत वर नेऊन ठेवली. खाली आलो तर बायको तांदळाचा डबा उचलून जिना चढत होती.

"हा पण त्याच्याशेजारीच ठेवते," ती म्हणाली. "पण झाकण लावून."