दगडात उभारलेला विश्वास : बिशप्सगेटची एक बँक

१/ व्हिक्टोरियन काळातील बँका देवळांसारख्या का दिसतात? लंडनच्या बिशप्सगेट रस्त्यावरील नॅशनल प्रॉव्हिन्शियल बँकेची जुनी वास्तू, म्हणजे आजचा ‘गिब्सन हॉल’, या प्रश्नाचे उत्तर देते. मी ती केवळ छायाचित्रांतून पाहिली आहे. तरी गेले वर्षभर ती मनातून जात नाही.

२/ ही बँक १८३३ ची. कार्यालय लंडनमध्ये, व्यवहार मात्र प्रांतांत; कारण स्वतःच्या नोटा काढणाऱ्या संयुक्त भांडवली बँकांना लंडनभोवतीच्या ६५ मैलांत व्यवसाय करण्यास कायद्याने बंदी होती. अखेर नोटांचा हक्क सोडून बँकेने १८६६ मध्ये राजधानीत व्यवहार सुरू केले.

३/ त्या प्रवेशासाठी १८६४-६५ मध्ये ही वास्तू उभी राहिली. वास्तुविशारद जॉन गिब्सन हे ब्रिटिश संसदभवनाचे शिल्पकार चार्ल्स बॅरी यांच्या हाताखाली तयार झालेले. जिथे जमीन सोन्याच्या मोलाची, तिथे त्यांनी एकमजली इमारत बांधली. ‘आम्हांला भाड्याची गरज नाही’ असे सांगण्याची याहून ठाम रीत कोणती?

४/ दर्शनी भागावर उंच खांबांची रांग, त्यांमधून कमानदार खिडक्या आणि खिडक्यांवर शेती, व्यापार, नौकानयन अशा उद्योगांची उठावशिल्पे. माथ्यावर पुतळ्यांचे समूह. आत संगमरवरी खांबांचे भव्य दालन आणि वरून काचेच्या घुमटांतून उतरणारा प्रकाश. खातेदाराने आवाज आपोआप खाली आणावा, अशी ही रचना.

५/ हा थाट निरर्थक नव्हता. ठेवींना विम्याचे संरक्षण नसलेला तो काळ. १० मे १८६६ रोजी लंडनमधील ओव्हरेंड गर्नी ही बलाढ्य पेढी बुडाली आणि दुसऱ्या दिवशी शहरात हाहाकार उडाला. मुंबईतही अमेरिकन यादवी युद्ध संपताच कापसाची तेजी ओसरली होती. शेअरबाजार कोसळला आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

६/ हे वाचताना मला आजी आठवते. आमच्या गावातील एका पतसंस्थेत तिची ठेव अडकली. ‘एवढी ग्रॅनाइटची इमारत बांधली, ते पळून कुठे जातील?’ असे ती म्हणे. तिला भोळी म्हणणे सोपे आहे; पण ज्याला ताळेबंद दाखवला जात नाही, तो भिंतींकडे पाहूनच निर्णय घेणार. गिब्सनच्या खांबांचा श्रोता तोच होता.

७/ नॅशनल प्रॉव्हिन्शियल बुडाली नाही. विलीनीकरणातून १९७० मध्ये ती नॅशनल वेस्टमिन्स्टर झाली. जुनी वास्तू पाडण्याचा बेत मात्र टळला. तिच्या मागे १८३ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला आणि ही एकमजली इमारत संरक्षित वारसा म्हणून टिकली.

८/ म्हणून मित्रहो, जुन्या बँकेसमोर उभे राहाल तेव्हा शैलीचे नाव अवश्य ओळखा. पण त्यासोबत हेही विचारा, की हा दगड कोणाची भीती शमवण्यासाठी रचला होता, आणि आत ठेवलेला पैसा खरोखर सुरक्षित होता का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर भिंत देते. दुसऱ्यासाठी हिशेबाच्या वह्याच उघडाव्या लागतात.